३०३ क्लोन, भाग ६ : स्टॉप दाबूनही क्लॉक का थांबत नव्हता

सापडलं! हा क्लोन म्हणजे रोलँडच्या टीबी-३०३ या बेस सिंथची मी बांधत असलेली नक्कल. लॅपटॉपच्या ड्रम्ससोबत पंधरा-वीस मिनिटं नीट चालायचं, मग ३०३ मागे पडायला लागायचा आणि अधूनमधून स्टॉपही जुमानायचा नाही. मागचे दोन भाग या दुखण्यासाठी कोड धुंडाळण्यात गेले. दोष कोडमध्ये नव्हताच. तो मिडी-इनच्या (वाद्यांना आपसात जोडणारे मिडी संदेश जिथून आत येतात तिथल्या) ऑप्टोकप्लरपाशी, म्हणजे सिग्नल प्रकाशातून पलीकडे देणाऱ्या चिपपाशी होता.

१२५ बीपीएमला (मिनिटाला १२५ ठोके) दर २० मिलिसेकंदांनी एक क्लॉक, म्हणजे लय सांगणारा मिडी संदेश, येतो आणि सहा क्लॉकची एक स्टेप (पॅटर्नचं एक घर) होते. एक क्लॉक हरवला की क्लोन २० मिलिसेकंद मागे, आणि पुढचा स्टार्ट येईपर्यंत ती तूट भरून निघत नाही. एवढं आधीच कळलं होतं. खरा दुवा मिळाला तो न थांबणाऱ्या स्टॉपमधून.

लॉजिक अ‍ॅनालायझर (सिग्नलच्या वेळा दाखवणारं यंत्र) थेट ६एन१३८ च्या, म्हणजे त्याच ऑप्टोकप्लरच्या, आउटपुटवर, पिन ६ वर लावला. मिडीचा एक बिट ३२ मायक्रोसेकंदांचा असतो आणि रिसीव्हर त्याच्या मधोमध, साधारण १६ व्या मायक्रोसेकंदाला, डोकावतो. आतला एलईडी विझल्यावर आउटपुट झटकन वर यायला हवं. इथे ते सुरुवातीला १३-१४ आणि क्लोनचा डबा तापल्यावर १७-१८ मायक्रोसेकंद उशिरा येत होतं. म्हणजे शून्यामागून येणारा पहिला १ हा शून्यच वाचला जाणार. आता संदेशांचे बाइट्स (हेक्समध्ये) मांडून बघा, खालचा बिट आधी जातो हे धरून. क्लॉकचा एफ८ होतो एफ०, म्हणजे सिसेक्सची (उत्पादकाच्या खास संदेशाची) सुरुवात, आणि कोड तो सोडून देतो. स्टार्टचा एफएसुद्धा एफ० होतो. स्टॉपचा एफसी मात्र होतो एफ८, चक्क क्लॉक! थांबायचं सोडून क्लोन एक टिक पुढे सरकत होता, तो यामुळे.

६एन१३८ च्या आत डार्लिंग्टन जोडी (एकमेकांना जोडलेले दोन ट्रान्झिस्टर) आहे. ती सॅच्युरेट (पूर्ण चालू) झाली की बेसमधला चार्ज बाहेर पडायला रस्ता हवा असतो. बोर्डवर पिन ७ (बेस) मोकळी होती आणि पुल-अप (आउटपुट वर ओढणारा रेझिस्टर) तब्बल १०के. उपाय दोन रेझिस्टरचा : पिन ७ ते पिन ५ (ग्राउंड) मध्ये १०के, आणि पिन ६ चा पुल-अप १के. शिवाय तापणारा व्होल्टेज रेग्युलेटर ७८०५ ऑप्टोला खेटून होता, तो डब्याच्या मागच्या पत्र्यावर नेला. उशीर आता ५ मायक्रोसेकंदांच्या आत. दोन तासांच्या चाचणीत ३,६०,००० क्लॉक पाठवले, तेवढेच मोजले गेले. एकही गळाला नाही!

तरी पुढच्या बोर्डवर एच११एल१ हा ऑप्टोकप्लरच लावायचा. आउटपुटला श्मिट ट्रिगर (सिग्नल ठामपणे ० किंवा १ करणारं सर्किट) असल्याने कडा स्वच्छ येतात आणि बेस रेझिस्टरची भानगडच नाही. तो सहा पायांचा आहे, जुन्या सॉकेटमध्ये बसणार नाही, हे लक्षात ठेवा.

डिन सिंक (रोलँडच्या जुन्या यंत्रांची मिडीपूर्वीची क्लॉक-जोडणी) जोडणाऱ्यांसाठी : मिडीची केबल वापरू नका. पुष्कळ मिडी केबल्समध्ये ४, ५ आणि शील्डची २ एवढ्याच पिना जोडलेल्या असतात. डिन सिंकला १ वर स्टार्ट-स्टॉप, २ वर ग्राउंड, ३ वर क्लॉक लागतो. सॉकेट १८० अंशांचं पाच पिनांचंच घ्या, २४० अंशांच्यात हा प्लग जात नाही. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर हातात घेऊन, प्लग घालून बघता येतं; ऑनलाइन पाकिटापेक्षा हे कधीही बरं.

आता उरलंय स्टार्ट. एफए नंतर लगेच एफ८ आला तर पहिली स्टेप कधीकधी निसटते. डिन सिंकची पिन १ (स्टार्ट) आधी हाय करून सगळेच क्लॉक १० मिलिसेकंद उशिरा सोडायचे आणि लॅपटॉपवरच्या एबलटन या सॉफ्टवेअरमध्ये मिडी क्लॉक सिंक डिले उणे १० ठेवायचा, असं ठरवलंय.

यानंतर अ‍ॅक्सेंट सर्किट (निवडक स्वरांवर जोर देणारं) घ्यायचं होतं. ते मागे ठेवतो. मुंबईचे संगीतकार चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये रोलँडच्या ज्युपिटर-८ सिंथ, ८०८ ड्रम मशीन आणि ३०३ वर राग वाजवले, तेव्हा मिडी बाजारात यायचं होतं. क्लॉक पक्का झालाय, तर रूपक ताल करून बघू या : ३०३ वर १४ स्टेप, म्हणजे सात मात्रा, आणि ड्रम्स १६ वर. दोघांची सम ११२ स्टेपनी, रूपकाच्या आठ आवर्तनांनी जुळेल. स्लाइड (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरणं) फक्त कोमल रिषभावरून षड्जावर उतरताना. पॅटर्न पुढच्या भागात.