वाळवंट, पर्वत आणि समुद्र एकाच फेरीत : कॅलिफोर्नियातील एका प्रवासाची आखणी

बे एरियातील मराठी घरांत आईवडील भारतातून राहायला आले की सॅन फ्रान्सिस्कोचा पूल आणि आसपासची ठिकाणे दाखवून पहिला महिना सरतो, आणि मग लांबच्या प्रवासाचा विषय निघतो. २०२४ मध्ये आमच्याकडे तो निघाला, तेव्हा बिग सरचा किनारा, डेथ व्हॅलीचे वाळवंट आणि सिएरा नेवाडाचे डोंगर हे तिन्ही एकाच फेरीत गाडीने करायचे, असे मी आणि नवऱ्याने ठरवले. नकाशावर ही फेरी अगदी सरळ दिसते, कारण तिन्ही ठिकाणे एकाच राज्यात आहेत आणि रस्ते उत्तम आहेत. आमचा खरा वेळ गेला तो रस्त्यांपेक्षा महिना ठरवण्यात.

तिन्ही प्रदेशांचे ऋतू एकमेकांशी जुळत नाहीत. डेथ व्हॅलीतील फर्नेस क्रीक येथे १० जुलै १९१३ रोजी ५६.७ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले, आणि आजही उन्हाळ्यात सकाळी दहानंतर तिथे पायी हिंडू नये अशी सूचना राष्ट्रीय उद्यानाकडून दिली जाते. म्हणजे वयस्कर माणसांना घेऊन तिथे जायचे तर हिवाळाच बरा. परंतु हिवाळ्यात सिएरा नेवाडा ओलांडणारा टायोगा पास बर्फामुळे बंद असतो. तो साधारणपणे नोव्हेंबरात बंद होतो आणि मेअखेरीस किंवा जूनमध्ये उघडतो. २०२३ मध्ये तर इतका बर्फ साचला होता की तो रस्ता २२ जुलैपर्यंत खुला झाला नाही. किनाऱ्याचे तिसरेच तंत्र आहे : ऐन उन्हाळ्यात तिथे दाट धुके असते आणि हिवाळी पावसात दरडी कोसळतात. हे सगळे एका कागदावर मांडल्यावर ऑक्टोबर उरला, कारण त्या महिन्यात डेथ व्हॅलीचे कमाल तापमान सरासरी चौतीस अंशांच्या आसपास उतरलेले असते, टायोगा बहुधा खुला असतो आणि किनारा स्वच्छ असतो. बाबांची नोकरी रेल्वेत, तीही भुसावळला झाली. माझा कागद पाहून ते म्हणाले, "अगं, भुसावळचा मे महिना काढलेल्या माणसाला चौतीस अंशांची कसली भीती घालतेस?" उष्णतेचा मुद्दा तिथेच निकालात निघाला.

पुढचा प्रश्न होता सुरुवात कुठून करायची याचा. बाबांचे म्हणणे असे की डोंगर आधी उरकावेत, कारण जसजसे दिवस जातील तसतशी बर्फाची शक्यता वाढते. त्यात तथ्य होते. तरीही मी किनाऱ्यापासून सुरुवात करण्याचा आग्रह धरला, आणि त्याला दोन कारणे होती. अमेरिकेत गाडी रस्त्याच्या उजव्या बाजूने चालते, त्यामुळे हायवे १ वरून दक्षिणेकडे जाताना समुद्र आपल्या बाजूला राहतो आणि थांब्यावर गाडी वळवताना समोरची रहदारी ओलांडावी लागत नाही. दुसरे कारण आईच्या रक्तदाबाचे होते. टायोगा पास ३,०३१ मीटर उंचीवर आहे, आणि घरून निघून थेट तिथे चढण्यापेक्षा समुद्रसपाटी, मग वाटेतील लोन पाइन गावाचे अकराशे मीटर, मग ली व्हायनिंग गावाचे दोन हजार मीटर अशा पायऱ्यांनी जाणे तिच्या डॉक्टरांनाही अधिक योग्य वाटले.

पहिले कारण मात्र बरेचसे निकामी झाले. १९३७ मध्ये खुला झालेला हा किनारी रस्ता कड्यांच्या कुशीत कोरलेला असल्याने दरडी त्याच्या पाचवीलाच पुजलेल्या आहेत, आणि २०२४ च्या सुरुवातीला रिजंट्स स्लाइड नावाच्या ठिकाणी कोसळलेल्या दरडीमुळे मधला भाग पूर्ण बंद होता. गाडीतील नकाशा पर्यायी मार्ग काढून देतो, पण तो मार्ग डोंगररांगेला वळसा घालून जातो, हे त्या पडद्यावरील निळ्या रेषेवरून लक्षात येत नाही. म्हणून राज्याच्या रस्ते विभागाचे रस्तास्थितीचे पान मी रोज पाहत होते, आणि अखेरीस किनाऱ्याचे दोन तुकडे केले. मॉन्टेरीहून दक्षिणेला बिक्सबी पूल आणि बिग सरपर्यंत जायचे व त्याच रस्त्याने परत फिरायचे. मग सलिनासमार्गे हायवे १०१ ने पासो रोबल्स गाठून केंब्रिया आणि पिएद्रास ब्लांकास येथील एलिफंट सील पाहायचे. बिक्सबी पूल १९३२ चा आहे, आणि साधारण ऐंशी मीटर उंचीवरील त्याची एकच कमान पाहताना बाबांनी प्रश्नांची जी सरबत्ती केली तिला पुरेल इतकी माहिती माझ्याजवळ नव्हती.

किनाऱ्याकडून वाळवंटाकडे जाण्याचा दिवस कुठल्याही माहितीपत्रकात रम्य म्हणून दाखवलेला नसतो. हायवे ४६ ने सेंट्रल व्हॅलीतील बदामाच्या बागा आणि तेलविहिरी ओलांडून बेकर्सफील्डला जायचे, एवढेच त्यात असते. तो दिवस सुसह्य व्हावा म्हणून मी टेहाचापी लूपचा थांबा घातला. १८७६ मध्ये पूर्ण झालेल्या या लोहमार्गावर चढ दोन टक्क्यांच्या आसपास ठेवण्यासाठी रूळ डोंगराभोवती पूर्ण वर्तुळ घेऊन स्वतःच्याच वरून जातात, त्यामुळे सुमारे बाराशे मीटरहून लांब मालगाडी आली की तिचे इंजिन आपल्याच शेवटच्या डब्यांच्या वरून जाताना दिसते. बोरघाटात जुन्या काळी रिव्हर्सिंग स्टेशनवर गाडी उलट दिशेने काढून चढ कसा साधत असत, ते बाबांनी तिथल्या कठड्याला टेकून सविस्तर सांगितले, आणि मालगाडीची वाट पाहण्यात आमचा बराच वेळ गेला. बिग सरपेक्षा त्यांना हेच अधिक आवडले असावे असा माझा संशय आहे.

डेथ व्हॅलीसाठी जागेपेक्षा गाडीची तयारी महत्त्वाची होती. भाड्याच्या गाडीच्या करारात कच्च्या रस्त्यांना मनाई असते, त्यामुळे रेसट्रॅक नावाच्या कोरड्या तळ्यासारखी ठिकाणे यादीतून आधीच वगळली. उद्यानात मोबाइलला बहुतेक ठिकाणी रेंज नसते, म्हणून नकाशे उतरवून घेतले आणि छापील नकाशाही जवळ ठेवला. पेट्रोल मोजक्याच ठिकाणी आणि महाग मिळते, तेव्हा रिजक्रेस्टला टाकी पूर्ण भरली. ट्रोना आणि पॅनामिंट खोरे ओलांडून हायवे १९० ने जाताना सुमारे पंधराशे मीटर उंचीवरील टाउन पासची चढण लागते, आणि इंजिन तापू नये म्हणून एसी बंद करा, अशा पाट्या रस्त्याकडेला आहेत. उतरताना ब्रेकवर पाय ठेवून बसू नये. ज्या गिअरने घाट चढलो त्याच गिअरने उतरावा, हा आपल्याकडच्या चालकांचा नियम स्वयंचलित गाडीतही लो गिअर टाकून पाळता येतो. समुद्रसपाटीखाली ८६ मीटरवर असलेले बॅडवॉटरचे मिठाचे पात्र आम्ही सकाळच्या वेळेस ठेवले, आणि लगोलग लोन पाइनहून ४,४२१ मीटर उंचीचे माउंट व्हिटनी पाहता यावे अशी मुक्कामांची जुळणी केली.

खाण्याची बाजू आईने सांभाळली. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट आणि भाजलेल्या रव्याचे उपम्याचे मिश्रण असा शिधा तिने बांधला; लोन पाइनसारख्या छोट्या गावात रात्री उशिरा शाकाहारी जेवण शोधत फिरण्याची वेळ त्यामुळे आली नाही. टायोगा पासचा रस्ता ज्यातून जातो त्या योसेमिटी राष्ट्रीय उद्यानात मात्र अस्वलांमुळे अंधार पडल्यावर गाडीत खाद्यपदार्थ ठेवण्यास मनाई आहे, हे सांगितल्यावर तिने चटणीचा डबा उचलून स्वतःच्या पर्समध्ये टाकला. त्यालाही वास येतो, हे समजावण्यात थोडा वेळ गेला.

शेवटची अडचण टायोगाचीच होती, आणि बाबांच्या मूळ आक्षेपाला उत्तर देणे भाग होते. एखादे वादळ आले तर रस्ता काही दिवस बंद होऊ शकतो, आणि शेजारचा सोनोरा पासही त्याच वेळी बंद होण्याचा संभव असतो. परंतु त्याच डोंगररांगेला उत्तरेकडे ओलांडणारा हायवे ८८ हिवाळ्यातही खुला ठेवला जातो. तेव्हा ली व्हायनिंगहून हायवे ३९५ ने उत्तरेला जाऊन ८८ वरून उतरायचे, असा दुसरा मार्ग आखला आणि योसेमिटीच्या मुक्कामाबरोबरच त्या वाटेवरील जॅक्सन गावातही एक खोली ठेवली. दोन्ही आरक्षणे आदल्या दिवसापर्यंत विनाशुल्क रद्द होणारी घेतली. अशा खोल्यांचा दर थोडा जास्त असतो, परंतु या प्रवासात सर्वांत योग्य ठिकाणी गेलेले पैसे मी त्यालाच म्हणेन. मोनो सरोवराकाठचे चुनखडीचे सुळके पाहून ली व्हायनिंगला पोहोचलो तेव्हा रस्ता खुला असल्याचे उद्यानाच्या ध्वनिमुद्रित सूचनेवरून कळले, आणि जॅक्सनची खोली मी तिथूनच रद्द केली.