ढिगाला दिलेली नवी जागा

आमच्या वाचनालयात परत आलेल्या पुस्तकांचा ढीग कधी संपायचाच नाही. संगणकावर पुस्तक 'उपलब्ध' दिसायचं, सभासद कपाटापाशी जायचा आणि तिथे जागा रिकामी. पुस्तक देवघेवीच्या टेबलामागे, ढिगात तळाशी. आम्ही सहा जण आळीपाळीने काम करतो. दोन वर्षं आमचं एकच म्हणणं होतं, माणसं वाढवा. आणि माणसं वाढणार नाहीत हे सगळ्यांनाच माहीत होतं.

शेवटी मी म्हटलं, नीट बसून विचार करू. पहिल्या बैठकीत जाहिरात क्षेत्रातल्या अलेक्स ऑस्बर्न यांचे ब्रेनस्टॉर्मिंगचे, म्हणजे एकत्र बसून कल्पना काढण्याचे, नियम पाळले: सुचेल ते बोला, जास्तीत जास्त बोला, चूक-बरोबर नंतर. तासाभरात बोललो दोघंच. त्यातली एक मी होते, हे मला घरी गेल्यावर लागलं. मग वाचत गेले तेव्हा कळलं, की १९५८ मध्येच येल विद्यापीठातल्या प्रयोगात हे दिसलं होतं. चौघं एकत्र बसून जेवढ्या कल्पना काढतात, त्यापेक्षा वेगवेगळे बसलेल्या चौघांच्या कल्पनांची बेरीज जास्त भरते. एक बोलत असताना बाकीचे थांबतात आणि थांबता थांबता सुचलेलं निसटून जातं.

म्हणून दुसऱ्या वेळी बोलणंच बंद ठेवलं. जर्मनीत १९६० च्या दशकात बेर्न्ड रोरबाख यांनी सुचवलेली ६-३-५ पद्धत आमच्या संख्येला नेमकी बसली. सहा जण, प्रत्येकाने पाच मिनिटांत तीन कल्पना लिहायच्या आणि कागद शेजारी सरकवायचा. त्याने वरचं वाचून आपल्या तीन खाली लिहायच्या. सहा फेऱ्या, अर्धा तास, १०८ कल्पना. आमच्या पहिल्या दोन फेऱ्या अगदी नेहमीच्या निघाल्या: रंगीत चिठ्ठ्या, नवी ट्रॉली, वेळापत्रक. डोक्यातलं तयार उत्तर आधी कागदावर सांडून जावं लागतं, तोवर पुढचं येत नाही. पुनरुक्ती काढल्यावर तीसेक कल्पना उरल्या, पण एकीनेही आम्ही जागचे उठलो नाही.

मध्ये सर्जनशील विचारांवर लिहिणाऱ्या एडवर्ड डी बोनो यांचं 'कोणताही एक शब्द काढा आणि प्रश्नाशी जोडा' हे तंत्रही करून पाहिलं. 'छत्री' निघाली. आमच्या हाती काही लागलं नाही.

मग प्रश्नच उलटा केला: सभासदाला पुस्तक मुळीच सापडू नये म्हणून काय करता येईल? दहा मिनिटांत फळा भरला. परतीची नोंद लगेच करा, पुस्तक मात्र आत ठेवा. सभासदाला जिथे यायला मनाई आहे तिथेच ठेवा. कुठलाही क्रम लावू नका. ढीग पुरेसा उंच होईपर्यंत हात लावू नका. फळा वाचताना खोली शांत झाली. यातलं सगळं आम्ही रोज करत होतो.

त्या शांततेत आमच्यातल्या सर्वांत अबोल ताईने आपला जुना कागद पुढे केला. दुसऱ्या फेरीत तिने लिहिलं होतं, 'ढीग लोकांनाच बघू द्या.' पुढच्या चौघांच्या हातांतून तो कागद गेला होता आणि कुणीच त्यावर थांबलं नव्हतं, मीही नाही. याची मला अजून रुखरुख आहे.

मानसशास्त्रज्ञ कार्ल डुंकर यांचा मेणबत्तीचा प्रयोग मला तेव्हा खरा समजला. मेणबत्ती भिंतीवर लावायची असते. टाचण्या खोक्यात भरून दिल्या, तर तेच खोकं भिंतीला टाचून त्याची बैठक करता येईल हे कमी लोकांना सुचतं, आणि खोकं रिकामं दिलं की अधिक जणांना. आम्हाला ढीग म्हणजे राहिलेलं काम एवढंच दिसत होतं.

आता टेबलासमोर 'आजच परत आलेली' असा रॅक आहे आणि संगणकावरही तीच जागा दिसते. कुणीतरी नुकतंच वाचलेलं पुस्तक दुसऱ्यालाही हवं असतं, त्यामुळे बरीच पुस्तकं कपाटापर्यंत न जाता तिथूनच पुन्हा बाहेर जातात. कपाटात लावायचं कामच कमी झालं. वर्गीकरण सांभाळणाऱ्या काकांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, की संचांचे भाग विखुरतील. तसंच झालं आहे. पुढच्या बैठकीचा प्रश्न काकांनीच फळ्यावर लिहून ठेवलाय: संच कायमचा तुटावा म्हणून काय काय करता येईल?