हातवाऱ्यांची नोंद: किल्ला, माईक आणि डावा-उजवा

भाषणातल्या हातवाऱ्यांच्या सरावासाठी अख्खा पावसाळा एकाच भाषणावर काढला. विषय सिंधुदुर्ग किल्ला, श्रोते मालवणचेच, म्हणजे किल्ला उठता-बसता बघणारे. त्यांना नुसती माहिती सांगून भागत नाही. म्हणून यंदा सगळी मेहनत हातांवर.

सरावाची रीत अशी. मोबाईल खिडकीत टेकवून चित्रण करायचं आणि पहिल्यांदा बघताना आवाज पूर्ण बंद ठेवायचा. मग घड्याळाचा पट्टा चाचपणारे, उगाच हवेत ठेका धरणारे बिनकामाचे हात लगेच उघडे पडतात.

खरा वेळ गेला तो दरवाजाच्या वाक्यावर. 'समोरून बघितलं तर दरवाजा दिसतच नाही.' पुढे आलेल्या बुरुजामुळे सिंधुदुर्गाचं प्रवेशद्वार अगदी जवळ जाईपर्यंत लपलेलं राहतं. डावा तळवा छातीसमोर उभा धरला की झाला बुरूज. उजवा हात त्याला वळसा घालून मागे शिरतो, तो दरवाजा. प्रश्न वेळेचा होता. हातवाऱ्यांचे अभ्यासक अॅडम केंडन हाताच्या हालचालीचे टप्पे पाडतात: हात उचलणं, मुख्य हालचाल, हवं तर तिथेच रोखून धरणं आणि परत आणणं. मुख्य हालचाल तिच्या शब्दाच्या किंचित आधी किंवा शब्दाबरोबर येते, मागून जवळपास कधीच नाही. म्हणून 'दिसतच' उच्चारण्यापूर्वी उजवा हात बुरुजामागे पोचलेला हवा. 'नाही' म्हणून झाल्यावर पोचला, तर पाठ केलेलं भाषण म्हणून श्रोते मनातल्या मनात गुण कापतात. आमच्याकडचे एक जुने दशावतारी नट हेच एका वाक्यात सांगतात: "झिला, हात आधी जाऊक व्हयो, शब्द मागसून येतलो." दशावतारात छापील संहिता नसते, संवाद उभ्या उभ्या रचायचे. हात पुढे गेला की पुढचं वाक्य सापडतं, असं त्यांचं म्हणणं.

ते म्हणणं हवेतलं नाही. आयव्हर्सन आणि गोल्डिन-मेडो या संशोधकांनी १९९८ साली दाखवून दिलं की जन्मांध मुलं समोरचा श्रोताही अंध असताना बोलताना हात हलवतात. म्हणजे हात फक्त बघणाऱ्यांसाठी नसतात. पाठांतराच्या वेळी हात मागे बांधून फेऱ्या मारण्याची सवय असेल, तर ती सोडा.

उलट बाजूही सांगून टाकतो. एका कार्यशाळेत 'संवादाचा ९३ टक्के भाग शब्दांपलीकडचा' हे पुन्हा ऐकवलं गेलं. हा आकडा ज्यांच्या नावावर खपवतात, त्या मानसशास्त्रज्ञ मेहराबियन यांचे १९६७ चे प्रयोग आवड-नावडीच्या भावनेपुरते होते आणि त्यात सुटे शब्द वापरले होते. ते आकडे साऱ्या भाषणाला लावायचे म्हटलं, तर तमिळ चित्रपट आपल्याला एव्हाना तोंडपाठ असायला हवे होते.

आता दिशा. मालवणात 'तो किल्ला' म्हणून हात केला, तर तो किल्ल्याकडेच जायला हवा. सभागृहाच्या भिंती असोत, श्रोत्यांच्या डोक्यात समुद्र कुठे आहे ते पक्कं असतं. चुकीकडे बोट गेलं की पुढच्या रांगेतले काका तिथूनच योग्य दिशेला मान वळवतात. हॉलमध्ये आधी जाऊन दिशा बघून घेतली. हेच भाषण कुडाळला झालं तर हात पश्चिमेकडे आणि देवगडला झालं तर दक्षिणेकडे.

काळ दाखवताना मात्र आरशाचा हिशोब. १६६४ ला बांधकाम सुरू, १६६७ ला पूर्ण. आपण डावीकडून उजवीकडे वाचतो, म्हणून श्रोत्यांच्या डावीकडे १६६४ हवं, म्हणजे माझ्या उजव्या हाताला. हे अंगवळणी पडायला सगळ्यात जास्त दिवस गेले.

माईकबद्दल थोडक्यात: स्टँडच मागा. हातात माईक आला की बुरूज-दरवाजा दोन्ही गेले. कॉलर माईक चालतो, पण छातीला हात लावलात तर स्पीकरमधून धप्प.

किल्ल्यातल्या शिवाजी महाराजांच्या हाताच्या ठशाचा उल्लेख येतो तिथे बरंच करून बघितलं, दाबल्याचा अभिनयसुद्धा. शेवटी ठेवलं ते इतकंच: उजवा तळवा श्रोत्यांकडे उघडा करायचा, रोखून धरायचा आणि बोलणं थांबवायचं. किती थांबायचं ते सभागृह ठरवतं. पण हात खाली आणण्यापूर्वी पुढचं वाक्य सुरू केलं, तर सगळं फुकट जातं.

अजून अडतंय ते हात परत आणण्याशी. सध्या नाभीच्या उंचीवर, बोटं सैल ठेवतो. बसून प्रवचन करणाऱ्या मंडळींचा हात मांडीवर विसावतो, त्यामुळे त्यांचं बरं चालतं. पण उभं राहून बोलणाऱ्यांपैकी कुणी दुसरी जागा पक्की केली असेल, तर चित्रण दाखवा, आवाज बंद करून बघतो.