दोन भोकं आणि ११ दिवस

बेंच ड्रिलला, म्हणजे टेबलावर उभ्या बसवलेल्या ड्रिल मशीनला, फेन्स (लाकूड टेकवायची आधारपट्टी) बसवायची असेल तर त्याचं बिडाचं टेबल सोडवून कुणाच्या वर्कशॉपच्या शेडवर नेऊ नका. बाकीचं सावकाश सांगतो, पण हे आधी, कारण माझी चिडचिड अजून गेलेली नाही.

स्वयंपाकघराची १० शटरं मी स्वतः करायला घेतली होती. प्रत्येकाला दोन ऑटो हिंजेस (शटरमध्ये गोल वाटी बुडवून बसवायच्या बिजागऱ्या), म्हणजे ३५ एमएमची २० भोकं, मध्य काठापासून २२.५ एमएमवर. पहिल्या शटरवर हातातलं ड्रिल चालवलं. एक भोक २१ वर गेलं, दुसरं २४ वर. मग बेंच ड्रिल घेतलं. ते मुळात लोखंडकामाचं. टेबल जेवणाच्या ताटाएवढं, आणि खालून सगळ्या रिबा, म्हणजे उभ्या कडा. फेन्स धरायला सी क्लॅम्प लावला की रिबेवर अर्धवट टेकतो आणि घसरतो. मग डोक्यात आलं, फेन्सच्या बोल्टसाठी टेबललाच दोन एम८चे (८ एमएम बोल्टचे) आटे पाडून घेऊ. ६.८चं भोक, मग आटे पाडायचा टॅप, झालं काम.

टेबल स्कूटरच्या पुढ्यात ठेवून नाशकात पंचवटीतून अंबडच्या एमआयडीसीत गेलो. द्वारकेच्या गर्दीत पायात बीड घेऊन उभं राहणं काय असतं ते एकदा करून बघा. शेडचे मालक म्हणाले, "दोनच भोकं ना साहेब? संध्याकाळी घेऊन जा."

संध्याकाळी कामावरचा मुलगा जेवायला गेलेला. दुसऱ्या दिवशी टॅप तुटलेला. शनिवारी गेलो तर शेडला कुलूप. सोमवारी टेबल दिसलं, लेथशेजारी जमिनीवर, आणि त्यावर चहाचे तीन ग्लास. मी काही बोललो नाही, ही माझी चूक. बुधवारी मालकांनी ड्रॉइंग मागितलं. दोन भोकांचं ड्रॉइंग! तिथेच एका बिलाच्या मागे काढून दिलं, तर ऑपरेटर म्हणतो, "काका, यात टॉलरन्स नाही लिहिलाय." म्हणजे माप किती इकडेतिकडे चालेल ते. माणसं वाईट नव्हती. त्यांच्याकडे शेकड्यांनी जॉब पडलेले, माझ्या दोन भोकांसाठी मशीन कोण थांबवणार? पण मग पहिल्याच दिवशी नाही म्हणायचं होतं. ११व्या दिवशी टेबल उचलून आणलं. भोकं नाहीत, चहाच्या ग्लासाचं गंजाचं गोल कडं मात्र पडलेलं.

त्याच दुपारी काम झालं, तेही आट्यांशिवाय. १८ एमएम प्लायचा दोन फूट बाय एक फूट तुकडा घेतला आणि टेबलच्या मूळच्या खाचांतून दोन कॅरेज बोल्ट (गोल डोक्याचे) घालून वर आवळला. बोल्टची डोकी प्लायमध्ये बुडवायची, नाहीतर शटर अडकतं. प्लाय दोन्ही बाजूंना बाहेर येतो, तिथे रिबा नाहीत, क्लॅम्प घट्ट बसतो. एवढं साधं आधी का सुचलं नाही, हे मला विचारू नका.

फेन्स म्हणजे सागाची सरळ रंधलेली पट्टी. ती टेबलच्या काठाला समांतर करायला मी गुण्या घेऊन पाऊण तास घालवला. गरज नव्हती. बिट एकाच जागी फिरतं, त्याच्या मध्यापासून पट्टीपर्यंतचं अंतर बरोबर आलं की पुरे. एक टोक बोल्टवर सैल ठेवा, दुसरं सरकवा, क्लॅम्प मारा.

हां, त्याआधी एक राहिलं. टेबल काढून परत बसवलं की ते बिटाला काटकोनात राहत नाही. चकमध्ये, म्हणजे बिट धरणाऱ्या जबड्यात, वाकडी तार टोक टेबलाला टेकेल अशी धरून हाताने गोल फिरवा. माझी तार डावीकडे घासत होती, उजवीकडे अधांतरी. ते टेबल तिरकं करायच्या बोल्टने जुळलं. पुढेमागे फरक होता तो प्लायखाली कागदाच्या घड्या घालून काढला. उंचीही आधीच ठरवा. खांब गोल असतो, टेबल वर-खाली केलं की ते बाजूला फिरतं आणि मग २२.५ पुन्हा मोजत बसा.

पट्टीची खालची कड थोडी छाटा. माझी अखंड होती, तिसऱ्या भोकापर्यंत कोपऱ्यात भुसा दाटला आणि शटर एक एमएम मागे राहिलं. मशीनचा पट्टा सगळ्यात कमी वेगाच्या पुलीवर ठेवा, नाहीतर ३५चं बिट प्लाय जाळतं. भोकाच्या खोलीचा स्टॉप १२ एमएमवर लावून आधी टाकाऊ तुकड्यावर बघा.

उरलेली १८ भोकं तासाभरात पडली. गंजाचं कडं पॉलिश पेपरने बरंचसं गेलं, राहिलं ते प्लायखाली झाकलंय.