अनिश कपूरचं लेबल बघायला पोयाकला

शातो मुतॉं रोथ्शिल्ड, म्हणजे फ्रान्समध्ये बोर्दोजवळच्या पोयाक गावचा नावाजलेला वाइनचा मळा. मराठी कानांनी आधी एकदा हसून घ्यावं. फ्रेंचमध्ये ‘मुतॉं’ म्हणजे मेंढा. मी गेलो तो वाइनसाठी नव्हे, बाटलीवरच्या कागदासाठी. 2009 च्या लेबलवरचं चित्र आपल्या मुंबईत जन्मलेल्या शिल्पकार अनिश कपूरचं आहे.

हा मळा रोथ्शिल्ड घराण्यातल्या नाथानिएलने 1853 मध्ये घेतला. पण लेबलची खरी गोष्ट सुरू होते त्याचा पणतू फिलिप याच्यापासून. तोवर वाइन पिंपांतून बोर्दोच्या व्यापाऱ्यांकडे जायची आणि बाटल्या तेच भरायचे. फिलिपने सगळा माल घरीच भरायचा ठरवलं. बाटली आपली, तर तिचा चेहराही आपलाच हवा! म्हणून 1924 च्या वाइनला पोस्टर-चित्रकार झां कार्लूकडून लेबल करून घेतलं, त्यावर मेंढ्याचं डोकं. व्यापाऱ्यांनी नाकं मुरडली. मग 1945 ला युद्ध संपल्यावर लेबलवर विजयाचा ‘व्ही’ आला आणि दरवर्षी नवा चित्रकार हा शिरस्ता पडला. मानधन पैशांत नाही, वाइनच्या पेट्यांत.

मूळ चित्रं तिथे एका दालनात मांडलेली आहेत. कपूरचा पेटता लाल रंग बाटलीवर जेमतेम बोटभर उंचीचा दिसतो. समोर उभं राहिल्यावर मात्र पाय निघत नाही. 1973 ला पिकासो. त्याच वर्षी बोर्दोच्या वाइनच्या अधिकृत प्रतवारीत मुतॉंला पहिल्या श्रेणीत बढती मिळाली, 1855 पासून दुसरीत अडकल्यानंतर. 1993 च्या लेबलवरच्या, चित्रकार बाल्थुसने काढलेल्या नग्न मुलीवरून अमेरिकेत ओरड झाली, तेव्हा तिथे चित्राची जागा कोरी सोडून बाटल्या गेल्या. हौशी लोक आता दोन्ही जमवतात.

न पिणाऱ्यांनीही जावं. माझी बायको थेंबही घेत नाही, पण वाइनशी संबंधित कलावस्तूंच्या संग्रहालयातून तिलाच ओढून काढावं लागलं.

भेट आधी ठरवल्याशिवाय आत सोडत नाहीत. सप्टेंबर-ऑक्टोबरात द्राक्षतोडणीची धांदल असते, तेव्हा जायचं तर फार आधी विचारा. बोर्दोच्या सां-जां स्टेशनवरून पोयाकला थेट रेल्वे आहे, तासाभराहून थोडा जास्त वेळ लागतो. पुढे द्राक्षमळ्यांतून चालत जाता येतं. सावली अजिबात नाही, टोपी हवीच. दुपारी दुकानं बंद होतात, पाव-चीज सकाळीच घ्या. आणि परतीच्या गाडीची वेळ उतरल्या उतरल्या बघा. मी मुंबईच्या लोकलच्या भरवशावर राहिलो आणि दीड तास फलाटावर बायकोची बोलणी खात बसलो.