तंजावर ते तिरुवैयारू: राजाला नाही म्हणणारी माणसं

तंजावरच्या बृहदीश्वराच्या देवळात आलेला प्रत्येक जण आधी मान वर करून शिखर बघतो. ते बघून झालं की मराठी माणसाने प्राकाराच्या नैऋत्य बाजूच्या भिंतीकडे जावं. तिथे दगडात ओळींमागून ओळी कोरल्या आहेत. लिपी देवनागरी, भाषा आपली मराठी. 1803 मध्ये तंजावरचे मराठा राजे दुसरे सरफोजी यांनी कोरून घेतलेला हा भोसले वंशाचा इतिहास आहे. अक्षरं एकमेकांना इतकी खेटून आहेत की पहिली ओळ लावायलाच वेळ लागतो. मग एखादं ओळखीचं नाव सापडतं आणि त्याच्या आधाराने पुढचं उलगडू लागतं. माझ्या मागून तमिळ, तेलुगू, बंगाली बोलणारी माणसं जात होती. भिंतीशी थांबत कुणीच नव्हतं. कावेरीच्या मुलखात, चोळांनी बांधलेल्या देवळात, मराठी वाचत मी बराच वेळ उभी राहिले.

या शिलालेखाची तारीख महत्त्वाची आहे. सरफोजी 1798 मध्ये गादीवर आले आणि 1799 च्या तहाने राज्याचा कारभार इंग्रजांच्या हातात गेला. राजाकडे उरला तंजावरचा किल्ला, आसपासचा थोडा भाग आणि ठरलेला तनखा. सरफोजी म्हणजे आधीचे राजे तुळजाराजे यांनी दत्तक घेतलेलं मूल. त्यांच्या मृत्यूनंतर गादी त्यांचे सावत्र भाऊ अमरसिंग यांच्याकडे गेली आणि मुलाला वर्षानुवर्षं वाट बघावी लागली. एवढं सोसून गादी मिळाली, तर राज्यच नाही. अशा वेळी माणूस एकतर कुढतो किंवा चैनीत बुडतो. सरफोजी अभ्यासाला लागले. दगडातला हा इतिहास मला त्या अभ्यासाची सुरुवात वाटते.

किल्ल्यातल्या शिवगंगा बागेजवळ श्वार्त्झचं चर्च आहे, 1779 चं. बाहेरून अगदी साधं. आत एक संगमरवरी शिल्प आहे, जॉन फ्लॅक्समन या इंग्रज शिल्पकाराने लंडनमध्ये घडवलेलं आणि सरफोजींनी मुद्दाम मागवलेलं. ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्त्झ हा जर्मन मिशनरी बिछान्यावर आहे, शेवटच्या आजारात. त्याचा हात हातात घेऊन शेजारी तरुण सरफोजी उभे आहेत, पायथ्याशी शाळेतली मुलं. श्वार्त्झ फेब्रुवारी 1798 मध्ये वारला. सरफोजी लहान असताना त्यांच्या जिवाला आणि शिक्षणाला जपणारा हाच माणूस. राजाने धर्म बदलला नाही, गुरूनेही त्यासाठी हट्ट धरला नाही, आणि तरी शिष्याने गुरूचं स्मारक असं उभारलं. मला शिल्पातले ते दोन हात सर्वांत आवडले. एक आधार देणारा, एक सैल पडत चाललेला. दगडात हे जमवणारा कारागीर तंजावरला कधी आलासुद्धा नव्हता.

श्वार्त्झचा आणखी एक शिष्य होता, वेदनायगम शास्त्री. जन्म 1774 चा, तिरुनेलवेलीकडचा. म्हणजे सरफोजींपेक्षा तीन वर्षांनी मोठा. दोघं एकाच गुरूच्या हाताखाली शिकले. पुढे एक राजा झाला, दुसरा तमिळ ख्रिस्ती कवी. तमिळमध्ये कुरवंजी नावाचा नाट्यप्रकार आहे. नायिका प्रेमात झुरत असते, डोंगरातली कुरव जमातीची बाई येते, आपल्या मुलखाचं वर्णन करते, हात बघते आणि मीलन होणार म्हणून सांगते. वेदनायगम शास्त्रींनी हा साचा उचलला आणि ‘बेथलेहेम कुरवंजी’ लिहिली. नायक येशू, आणि हात बघणाऱ्या बाईच्या तोंडी पृथ्वी, ग्रह, तारे यांचं नवं शास्त्र. इकडे सरफोजींनी मराठीत ‘देवेंद्र कुरवंजी’ रचली, आणि तीत त्याच बाईच्या मुखातून जगाचा भूगोल गाण्यांत सांगितला. एका मास्तरांनी शिकवलेला भूगोल दोन विद्यार्थ्यांनी दोन भाषांत गायला. मराठी साहित्याचा इतिहास आपण पुण्या-मुंबईच्या चष्म्यातून शिकतो, त्यात हे पान मला शाळा-कॉलेजात कधी भेटलं नव्हतं.

याच वेदनायगम शास्त्रींची एक गोष्ट सांगतात. राजाने त्यांना बृहदीश्वरावर रचना करायला सांगितलं. शास्त्रींनी नकार दिला, मी येशूशिवाय कुणाची स्तुती करणार नाही म्हणाले. राजाने त्यांना दूर केलं नाही. शास्त्री 1864 पर्यंत जगले, म्हणजे राजाच्या मागेही तीस वर्षांहून अधिक.

राजवाड्यातलं सरस्वती महाल ग्रंथालय सावकाश बघावं. ताडपत्रं, मोडी कागदपत्रांचे गठ्ठे, काशीयात्रेत जमवलेल्या पोथ्या, आणि राजाची इंग्रजीतली सही असलेली युरोपातली पुस्तकं. संग्रहालयाच्या भागात मांडलेल्या चित्रांपाशी लोक रेंगाळतात. माझं लक्ष मात्र डोळ्यांवर खिळलं. सरफोजींच्या धन्वंतरी महालात, म्हणजे त्यांच्या दवाखान्यात, डोळ्यांवर उपचार होत, मोतीबिंदूच्या शस्त्रक्रिया होत, आणि रुग्णाच्या नोंदीबरोबर त्याच्या डोळ्याचं रंगीत चित्र काढून ठेवत. पाणावलेला, धुरकट, शिरा लाल झालेला असा एकेक डोळा चितारलेला. कुठल्या तरी गावच्या सामान्य माणसाचा डोळा राजाने इतक्या बारकाईने काढून घेतला, याचं मला फार अप्रूप वाटलं. त्याच काळात तंजावरात देवनागरी खिळ्यांचा छापखानाही होता. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात तिथे मराठीत इसापच्या गोष्टी छापल्या गेल्या.

दरबारातलं संगीत हा तर वेगळाच लेख होईल. चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू हे चार भाऊ इथलेच. आज भरतनाट्यमचा कार्यक्रम ज्या क्रमाने होतो तो त्यांनी बसवला. पुढे त्याच शतकात कृष्ण भागवतरांनी मराठी कीर्तनातली साकी, दिंडी, ओवी घेऊन दक्षिणेची हरिकथा घडवली. चेन्नईच्या सभागृहात हरिकथेत मध्येच साकी कानावर पडली तर ती या गावातून गेली आहे.

मात्र ज्याच्यासाठी मी मुख्यतः गेले तो दरबारात कधी आलाच नाही.

जुन्या बसस्टँडवरून तिरुवैयारूची बस मिळते. अंतर तेरा-चौदा किलोमीटर, पण वाटेत पुलामागून पूल येतात. वडवारू, वेण्णारू, वेट्टारू, कुडमुरुट्टी आणि शेवटी कावेरी. तिरु-ऐ-आरू, म्हणजे पवित्र पाच नद्या. दोन्हीकडे भातखाचरं, केळी, नारळ. इथे कर्नाटक संगीतातले थोर संत-रचनाकार त्यागराज राहिले. जन्म 1767 चा, तिरुवारूरचा. त्यांच्याच काळातले दोन मोठे रचनाकार, श्यामा शास्त्री आणि मुत्तुस्वामी दीक्षितर, यांचाही जन्म त्याच गावचा, हे वाचलं तेव्हा मी नकाशा काढून बसले होते. त्यागराज खांद्याला तंबुरा लावून, रामनाम गात, गल्लीतून भिक्षा मागत. रोजच्या शिध्यापुरतं मिळालं की पुरे. त्यांच्या कृती, म्हणजे गीतरचना, तेलुगूत, आणि त्या टिकल्या शिष्यांनी पाठ केल्या, उतरवून घेतल्या म्हणून.

सरफोजींनी त्यांना बोलावणं धाडलं, सोबत नजराणा पाठवला, अशी कथा आहे. त्यागराजांनी तो परत केला आणि कल्याणी रागात गायले: ‘निधि चाल सुखमा’. पैशात सुख जास्त, की रामाच्या सान्निध्यात? घरात आलेली लक्ष्मी परत गेली म्हणून थोरला भाऊ इतका संतापला की त्याने पूजेतल्या राममूर्ती कावेरीत टाकल्या, असंही सांगतात. कथेत किती खरं ते असो, कृती खरी आहे आणि आजही मैफलीत ऐकू येते. नरस्तुती करणार नाही हे व्रत त्यांनी पाळलं. तंजावरच्या या राजाच्या काळात एक ख्रिस्ती कवी आणि एक रामभक्त, दोघंही आपापल्या देवासाठी राजाला नाही म्हणाले, आणि दोघांचंही काम बहरत राहिलं. राजाची थोरवी मला इमारतींपेक्षा यात जास्त दिसते.

त्यागराज 6 जानेवारी 1847 रोजी गेले, मृत्यूच्या आदल्या दिवसांत संन्यास घेऊन. समाधी कावेरीकाठी आहे. देऊळ लहान, भिंतींवर कृती कोरलेल्या. पण ही समाधी आज आपल्याला दिसते ती एका बाईमुळे. बंगळूर नागरत्नम्मा, देवदासी कुळातल्या मोठ्या गायिका. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला समाधी पडीक झाली होती. नागरत्नम्मांनी स्वतःच्या कमाईतून जागा मिळवली आणि 1925 च्या सुमारास देऊळ उभं केलं. त्यागराजांच्या पुण्यतिथीला होणाऱ्या आराधनेच्या उत्सवात मात्र बायकांना गायला मज्जाव होता! ज्यांनी छप्पर घातलं त्यांनाच गाणं बंद. मग त्यांनी बायकांची वेगळी आराधना सुरू केली आणि हट्टाने चालवली. 1940 च्या आसपास आराधना करणारे सगळे वेगवेगळे गट एक झाले आणि बायका-पुरुष एकत्र गाऊ लागले. 1952 मध्ये त्या वारल्या. त्यांची समाधी त्यागराजांच्या समाधीसमोर आहे. हात जोडून बसलेली त्यांची मूर्ती बघितली, आणि त्यांना नमस्कार केल्याशिवाय मला पुढे जाववेना.

जायचं असेल तर त्यागराजांच्या पुण्यतिथीला, पौष वद्य पंचमीला जा. तमिळ पंचांग सौर असलं तरी ही तिथी आपल्यासारख्याच चांद्र महिन्यांनी मोजतात, त्यामुळे घरच्या कालनिर्णयातही ती सापडेल. बहुधा ती जानेवारीत येते. त्या सकाळी शेकडो गायक-वादक समाधीसमोर मांडी घालून बसतात आणि नाट, गौळ, आरभी, वराळी, श्री या पाच रागांतल्या पंचरत्न कृती एकत्र गातात. पाठ नसल्या तरी गर्दीत बसून ऐकता येतात. त्या दिवसांत तिरुवैयारूत खोली मिळणं कठीण, तेव्हा मुक्काम तंजावरला करा आणि पहाटेची बस पकडा. परतल्यावर देवळातल्या मराठी भिंतीसाठी अर्धा दिवस ठेवा, सकाळच्या तिरप्या उन्हात अक्षरं जास्त स्पष्ट लागतात.