कोयनेचं पाणी दाभोळला

कराडची माणसं तुम्ही, कृष्णा-कोयनेचा संगम दारात, मग गळ टाकायला दाभोळच्या समुद्रात कशाला जाता? तेही एकाहत्तरीच्या वडिलांना होडीत घालून? पाहुणे विचारतात, शेजारी विचारतात. आता तुम्हीही विचारलंत म्हणून नीट सांगते.

आप्पा एसटीत ड्रायव्हर होते. कराड-चिपळूण गाडी त्यांनी वर्षानुवर्षं चालवली. पाटण, कोयनानगर, कुंभार्ली घाट, पोफळी, चिपळूण, की गाडी फिरवून माघारी. सुट्टीच्या दिवशी प्रीतिसंगमाच्या घाटाखाली गळ घेऊन बसायचे. कणकेचा गोळा, दोरीवर तरंगणारं जोंधळ्याच्या ताटाचं भेंड आणि शेजारी मी. तिथंच त्यांनी मला कोयनेची खरी वाट सांगितली. कोयना कराडला कृष्णेला भेटते आणि पुढं बंगालच्या उपसागराला जाते, हे शाळेत शिकवतात. पण धरणातलं बरंचसं पाणी कराडला येतच नाही. 105 टीएमसीचं (म्हणजे 105 अब्ज घनफुटांचं) धरण, त्यातलं वर्षाला 67.5 टीएमसी विजेसाठी पश्चिमेला वळवायची मुभा आहे. ते पाणी बोगद्यांतून सह्याद्रीच्या पोटातून पोफळीला उतरतं, टर्बाइन फिरवतं आणि वाशिष्ठीत पडतं. वाशिष्ठी दाभोळला समुद्राला मिळते.

"आपली निम्मी नदी तिकडं जाती, आन् मी चिपळुणातनंच माघारी फिरतोय," असं आप्पा म्हणायचे. निवृत्त झाले तरी ते बोलणं काही थांबलं नाही. म्हणून एका जानेवारीत मी त्यांना घेऊन गेले.

होडी फायबरची, लहान. होडीवाले काका, आप्पा आणि मी. उजाडताना खाडीतून निघालो. डावीकडं अंजनवेलचा गोपाळगड, मग दीपगृह, आणि तिथून पुढं होडी अशी उचलून आपटायला लागली की मी आप्पांचा दंड धरला. आप्पा मात्र पाण्याचा रंग बघत होते. खाडीचं गढूळ पाणी संपून हिरवं सुरू होतं ती रेघ अगदी डोळ्यांना दिसते. "इथवर आपली," एवढंच म्हणाले. त्यांचा चेहरा तेव्हा कसा झाला होता ते मला अजून लिहिता येत नाही.

आठ-नऊ वाव, म्हणजे पन्नासेक फूट पाण्यात काकांनी नांगर टाकला. इथं काठी नाही, भेंड नाही. तंगूस म्हणजे नायलॉनची दोरी, तिच्या खाली शिशाचं वजन, गरीला कोळंबीचा तुकडा, आणि तंगूस पहिल्या बोटावरून सोडायचा. भेंड बुडताना बघायची माझी सवय. बोटानं ओळखायचं कसं, ते कळेना. आप्पांनी माझं बोट आपल्या बोटाखाली घेतलं. "क्लच सोडताना कसा पायाला कळतो, तसं हाय हे." खालून दोन बारीक टिचक्या, मग एक ओढ.

वर आला तो मिशाळ, चिकट मासा. मी हात घालणार तोच आप्पा ओरडले, "धरू नगं! काटा मारंल!" पाठीवरचा एक आणि कल्ल्यांमागचे दोन, तिन्ही काटे त्यांनी पक्कडीनं मोडले. काकांनी विचारलं, "शेंगाळा कसा ओळखलात हो?" आप्पा म्हणाले, "आमच्या नदीत ह्याचा भाऊ हाय. शिंगाळा." मग दोघं काट्यांच्या दुखण्यावर इतकं बोलत बसले की माझी गरी कुणीतरी खाऊन गेलं तरी कुणाला पत्ता नाही.

त्या दिवशी पाच मासे मिळाले. पैशांचा हिशेब मांडाल तर मंडईतले मासे स्वस्त पडतील, हे मलाही कळतं.

परतताना काकांनी सांगितलं, अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात येऊ नका. अष्टमीच्या आसपास भांग असतो, पाण्याला ओढ कमी, गरी सरळ खाली जाते. तेव्हापासून नवं कॅलेंडर घरात आलं की आप्पा आधी अष्टम्या शोधतात. यंदा त्यांनी माघातल्या दोन्ही अष्टम्यांना पेननं गोल केलाय.